बैलजोडी विकून आणलेली मोटार

प्रिय बाबा,

आज सकाळी आपली दुसरी मोटार दारात येऊन उभी राहिली. आईनं तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुह्या बाबाले सांगतलं का?" तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. तिला काय ते ठाऊक नाही? पण तिनं विचारलं, म्हणून हे लिहायला बसले.

पहिल्या मोटारीच्या वेळी कुठलं हळदीकुंकू! पेरणी तोंडावर आलेली, आणि तुम्ही आईला न विचारता बैलजोडी विकून अकोल्याहून जुनी मोटार आणलीत. "आता वखर काय मोटारीले जुंपता?" एवढंच ती बोलली. त्या साली शेजाऱ्यांचे बैल मागून पेरलं आपण. बाबा, तिला एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

मीही आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. ते मात्र अजून टोचतं.

वाशीम स्टेशनावर उतरणारे यात्रेकरू शिरपूरच्या जैन मंदिराला न्यायचे, हा तुमचा बेत. पण स्टेशनाबाहेर टांगेवाले आडवे उभे, सगळ्यांत पुढे रहीमचाचा. मोटार रिकामीच परत यायची. तुम्ही भांडला नाहीत. माझा हात धरून सरळ चाचांच्या घरी गेलात.

"आमच्या पोटावर पाय देऊन राह्यला तू," चाचा म्हणाले.

"नाही चाचा. मोटार सडकेनंच जाते. सडकेपासून खेड्यात माणूस कोन नेईन? तुमीच ना? खेड्यातलं माणूस तुमी सडकेवर आणा, पुढं मी नेतो. माह्या गाडीतलं उतरलं, का तुमच्या टांग्यात."

चाचा आत वळून ओरडले, "अरे, चाय लाओ, बच्ची आई है!"

तेव्हा तुमचा चेहरा काय खुलला होता! पुढे टांगे माणसं आणू लागले. शिरपूरचे जैन दुकानदार गावोगावच्या नातेवाइकांना पत्रांतून आपल्या मोटारीचं कळवू लागले. वर्षभरात गोठ्यात नवी जोडी आली, आणि आई एकदाची हसली.

आता गाडी धाकटा नामदेव चालवतो, कारभार मी पाहते. सोमवारपासून ही नवी मोटार आसेगावला सोडतोय. "ताई, त्या रस्त्यानं माणूस भेटन का?" नामदेव विचारतो. मला तरी कुठं ठाऊक आहे! पण बाबा, दिवाळीपर्यंत ती बंद होऊ देणार नाही, हा शब्द. आणि सोमवारी कुणीच चढलं नाही, तर पहिलं तिकीट काढून मीच बसेन. आईला शेजारी घेऊन.

तुमची लेक,
गंगू