हशाची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! कपाटाच्या सिनेमावर फुली. स्पर्धेचे परीक्षक आम्ही पाच, मतं चार विरुद्ध एक. ती एक म्हणजे मी.

दोन साडू एक लोखंडी कपाट पाच मजले वर चढवतात — एवढीच गोष्ट. थेटरात लागून सात आठवडे झाले, अजून तिकीट मिळत नाही. आणि आम्ही मात्र वीस खुर्च्यांच्या त्या गारठलेल्या खोलीत, मांडीवर वह्या घेऊन बसलेलो. कुणी हसलं नाही. अध्यक्षांना मी मनात ‘हूं’ म्हणते, कारण प्रत्येक दृश्यानंतर ते तेवढंच म्हणतात. शेवटी ते बोलले, "संकलन ढिलं आहे. प्रत्येक विनोदानंतर सिनेमा नुसता उभा राहतो." प्राध्यापकबाईंनी री ओढली — "लोकांना आवडतो म्हणजे चांगला, असं थोडंच आहे?"

एकतीस वर्षं मी स्वतः विनोदी सिनेमांचं संकलन केलं. एकदाही बक्षिसासाठी नाव पुकारलं गेलं नाही. आज बोलायची वेळ आली तर तोंडातून शब्द फुटेना! घरी येऊन उगाच ताईवर डाफरले. तिचा काय दोष? पण ती माझी थोरली बहीण, आणि घरात दुसरं कुणी नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना लक्षात आलं. ढिलं कसलं! ती हशाची जागा आहे!

विनोद झाला की लोक हसतात. ते हसत असताना पुढचं वाक्य आलं तर कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून संकलक तिथे थांबतो — कुठे दीड सेकंद, कुठे तीन. कपाट जिन्यात अडकतं तिथे तर चक्क सहा! पाच माणसांच्या मुक्या खोलीत ती जागा रिकामीच दिसणार. अशा जागा सोडण्यात माझी हयात गेली, आणि काल मलाच सुचू नये? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

५ फेब्रुवारी

आज इस्त्रीचा सिनेमा. वडील वारलेत, मुलगी त्यांचे शर्ट एकेक करून इस्त्री करते. एका दृश्यात चार मिनिटं नुसती इस्त्री. चार! मी दोनदा घड्याळ पाहिलं, पेपरमिंटच्या तीन गोळ्या संपवल्या. वहीत लिहिलं — कापायला हवं होतं.

बाकीच्यांच्या माना डोलत होत्या. प्राध्यापकबाई म्हणाल्या, "पोरीचा पहिलाच सिनेमा आहे. एकही थेटरवाला घ्यायला तयार नाही. आपण बक्षीस दिलं तरच लागेल."

मग? दया म्हणून द्यायचं का बक्षीस?

६ फेब्रुवारी

तोंड उघडलं एकदाचं!

म्हटलं, कपाटाचा सिनेमा आपण पाहिलेलाच नाही. रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं काढा, भरल्या थेटरात बसा, मग काय ते बोला. आमचे हूं म्हणाले, "परीक्षकांनी गर्दीत जायचं?" मी म्हटलं, "गर्दीसाठीच केलाय तो. पोहण्याच्या शर्यती कोरड्या हौदात घेता का?" आमच्या पाचांतले छायालेखक फिस्सकन हसले. "जाऊ या की! पॉपकॉर्न माझ्याकडून." प्राध्यापकबाईंनी नाक मुरडलं, पण येते म्हणाल्या.

ताईला सांगितलं. "मीपण येणार," म्हणाली. तिसऱ्यांदा पाहणार!

८ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! थेटर खच्चून भरलेलं. पहिल्या विनोदाला हशा उठला, ओसरला — आणि बरोब्बर तेव्हाच पुढचं वाक्य. एकही वाया गेलं नाही. दीड सेकंद म्हणजे दीडच! जिन्यातल्या सहा सेकंदांत लोक हसून हसून पुढच्या खुर्च्यांवर आपटत होते. सगळं शांत झालं आणि धाकटा साडू हळूच म्हणाला, "दादा, कपाट दुसऱ्या बिल्डिंगचं आहे." पुन्हा दणका!

मी पडद्याकडे कमी आणि हूंकडे जास्त पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला, परत काढला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, मोजलेलं आहे हो सगळं." मी फक्त म्हटलं, "हूं."

आज फार आनंदात आहे.

१० फेब्रुवारी

जिंकले! सर्वोत्कृष्ट चित्रपट — कपाट. सर्वोत्कृष्ट संकलन — कपाट! चित्रपटासाठी तीन विरुद्ध दोन, संकलनासाठी पाचही हात वर.

प्राध्यापकबाईंनी विचारलं, "मग त्या इस्त्रीवाल्या पोरीचं काय?" मी म्हटलं, "तिचं वय काय! मिळेल पुढे कधीतरी."

१५ फेब्रुवारी, रविवार

बक्षीस समारंभ. कपाटाचा संकलक म्हणजे लाजरा, लुकडा माणूस. मला शोधत आला. "जिन्यातले सहा सेकंद तुम्ही मोजलेत म्हणे?" म्हटलं, "मोजले. मी पाच ठेवले असते." तो म्हणाला, "मीपण आधी पाचच ठेवले होते. मग थेटरात जाऊन मागे उभा राहिलो." मीसुद्धा हेच करायची! दर शुक्रवारी, मागच्या भिंतीला टेकून!

एकतीस वर्षांचा सल गेला. बक्षीस मला नाही, पण आमच्या कामाला मिळालं, आणि ते मी मिळवून दिलं. घरी येताना ताई म्हणाली, "बक्षीस त्याला आणि मिरवतेयस तू!" मिरवणारच!

२१ फेब्रुवारी, शनिवार

स्पर्धेतले सगळे सिनेमे शेवटी लोकांना एकेकदा फुकट दाखवतात. ताईनं हट्टानं इस्त्रीच्या सिनेमाला नेलं. चारशे माणसं. ती चार मिनिटं आली आणि कुणी खोकलंही नाही. कॉलरपाशी इस्त्री थांबली, तेव्हा अख्खं थेटर थांबलं. तिथेही जागा सोडलेली होती. मोजून. हा सिनेमाही मी त्या गार खोलीतच पाहिला होता, आणि याची तिकिटं काढा असं म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "परत कधी आहे गं हा? शेजारणीला आणते."

कधीच नाही. दहा तारखेला हात वर करून मीच ठरवलं ते.