दिलीपला जामीन कोण राहणार

बुध. १२ नोव्हें.

दिलीपला काल संध्याकाळी अटक. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कापूस खरेदीची बातमी पुरी करत होते. "आक्का, त्यास्ले गाडीमा बसाडी लई गयात." एवढंच बोलली.

हकिकत अशी. गावाकडची, कोरीटची विहीर सामाईक, अर्धी आमच्या दिलीपची, अर्धी चुलतभाऊ भगवानची. लाइट येते तेवढ्या तासांच्या पाळ्या ठरलेल्या. पाळी दिलीपची, मोटर भगवानने चालू केलेली. शब्दाला शब्द. दिलीपच्या हातात पाइपाचा पान्हा होता. भगवानच्या नडगीचं हाड मोडलं.

बातमी म्हणून सहा ओळी. अठ्ठावीस वर्षं अशाच सहा ओळी लिहीत आले. ही नाही लिहिली. ऑफिसला कळवलं, दुसऱ्या कोणाकडे द्या, आरोपी माझा भाऊ आहे.

हे शेजारीच होते. सगळं ऐकलं. पेपर तोंडासमोरून खाली केला नाही.

शुक्र. १४

कोठडी संपली, जेलात रवानगी. वकीलबाईंनी जामिनाचा अर्ज टाकला. त्यावर पोलिसांचं म्हणणं यायचं आहे. तपासाचे साहेब बंदोबस्तात.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन मिनिटं भेटू दिलं. दाढी वाढलेली, शर्ट तोच. वाटलं, आता रडेल. तर म्हणतो, "आक्का, जामसिंगले सांग, खालना तुकडा पहिले वेचा. दव पडी ऱ्हायनं."

जामसिंग पावरा धडगावकडचा. दरवर्षी दिवाळीनंतर बायको-भावजयांना घेऊन दिलीपच्या कापसाला उतरतो. पंधरा वर्षं तरी झाली.

निघताना दिलीप हळूच, "दाजीले काही म्हनू नको."

दाजींना काय म्हणणार मी.

बुध. १९

जामीन मंजूर! वकीलबाईंचा फोन सव्वाबाराला. मी लगेच सुनंदाला, "सुटला गं!"

तिने वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी केल्या, धुतलेले कपडे घेतले, दोनच्या गाडीने आली. तीनपासून आम्ही दोघी जेलच्या फाटकासमोर लिंबाखाली. चार. साडेचार. आत गेलेला शिपाई बाहेर आला, पुन्हा आत गेला.

"आक्का, त्या सुटनात ना? मंग भाईर काबर नही येतस?"

वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मॅडम, मंजूर झाला. सुटला नाही. जामीनदार कुठे दिलाय आपण?"

अठ्ठावीस वर्षं मी कोर्टाचा निकाल हातात आला की त्याच संध्याकाळी 'जामिनावर सुटका' असं लिहून मोकळी होत होते. किती घरांनी ते वाचून स्वयंपाक केला असेल. कुणीच कसं आजवर येऊन सांगितलं नाही मला?

सुनंदाने भाकरीचं फडकं परत बांधलं. मीच तिला बसवून स्टँडवर खायला लावलं. दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली.

गुरु. २०

नीट समजून घेतलं. टिपून ठेवते, नाहीतर पुन्हा चुकेन.

दिलीपने स्वतः लिहून द्यायचं, तो जातमुचलका. शिवाय एक जामीनदार. त्याच्या नावावर जमीन किंवा घर पाहिजे. सातबारा, आठ-अ, तहसीलचा ऐपतदाखला, आधार, रेशनकार्ड. रेशनकार्डावर कोर्ट शिक्का मारतं, म्हणजे तोच माणूस दुसऱ्या कोणाला जामीन राहू शकत नाही. दिलीप तारखेला आला नाही, तर ठरलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल.

अटी: दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत कोरीटला पाय ठेवायचा नाही. भगवानला किंवा साक्षीदारांना भेटायचं नाही. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी.

मी? माझ्या नावावर काही नाही. कोरीटच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मीच दिलीपला लिहून दिलं, वडील गेले त्या वर्षी. हसत सही केली होती. घर ह्यांच्या नावावर. रनाळ्याची दोन एकरही ह्यांच्याच, एकट्याच्या नावावर. माझ्याकडे पगाराची चिठ्ठीसुद्धा नाही, बातमीमागे मानधन.

सुनंदाचा भाऊ म्हणाला, विचार करून सांगतो.

ह्यांना विचारलं नाही. विचारणार नाही. आमच्या मुलीच्या, गौरीच्या लग्नात मामाने नवरीला मांडवात न्यायचं, आणि दिलीप आदल्या तासाला रुसून निघून गेला. कारण काय तर मानपानाच्या यादीत नाव खाली. शेजारचे देसले मामा म्हणून उभे राहिले. हे तेव्हा काही बोलले नाहीत आणि त्यानंतरही कधीच नाहीत. नऊ वर्षं. दिवाळीला दिलीप आला की हे मागच्या दाराने भाजी आणायला जातात. घरात भाजी असते.

सोम. २४

जामसिंग वकीलबाईंकडे आला होता. शनिवारी वेचणी सोडून धडगावला गेला, तिथून पुढे डोंगरात पायी, आज परत. पिशवीतून वनपट्टा काढला, कसत असलेल्या वनजमिनीचा सरकारी कागद. प्लास्टिकमध्ये घातलेला, चारी कडा चिकटपट्टीने बंद. वर त्याचा आणि बायकोचा फोटो.

"बाई, हा लावा. मी राहतो जामीन."

वकीलबाईंनी दोन्ही हातांनी घेतला, वाचला, परत दिला. ही जमीन विकता येत नाही, म्हणून कोर्टात सहसा चालत नाही, म्हणाल्या. आरोपी पळाला तर वसुली कशातून?

"पळेल कशाला? मी ओळखतो त्याला."

"ते खरं हो दादा. पण कागद..."

"मी आलोय ना. मी पुरत नाही?"

वकीलबाई टेबलावरचं पेन उघडत-मिटत राहिल्या. चहा मागवला. जामसिंगने बशीत ओतून प्यायला आणि मला म्हणाला, "बाई, तुमच्या पेपरात लिहा एकदा हे." लिहिते म्हटलं. तीन दिवसांची मजुरी बुडाली त्याची. ते नाव काढलं नाही त्याने.

सुनंदाच्या भावाचा फोन बंद.

मंगळ. २५

कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांच्या रांगेपाशी एक गृहस्थ आले. स्वच्छ पांढरा शर्ट. "ताई, माणूस पाहिजे का? सगळे कागद तयार, आज संध्याकाळी पेशंट घरी." आरोपीला पेशंट म्हणतात!

अशा भाड्याच्या जामीनदारांवर मीच मालिका लिहिली होती. तीन भाग. तेव्हा ते मला लबाड वाटले होते. आज त्यांच्या शर्टाकडे पाहत दोन मिनिटं उभी राहिले, हो म्हणायचं तोंडावर आलं होतं. मग नको म्हटलं. ते रागावले नाहीत. "लागलं तर इथंच असतो."

घरी आल्यावर ह्यांना हे सांगितलं. गंमत म्हणूनच सांगितलं. हे हसले नाहीत. ताट धुवायला ठेवताना म्हणाले, "खोटा माणूस उभा करू नको." बस.

म्हणजे खरा कुठून आणू, असं जिभेवर आलं होतं. गिळलं.

गुरु. २७

रेशनकार्ड सापडत नाही. सुनंदाच्या भावाला (अखेर फोन लागला; बायको नको म्हणते, तरी कागद बघू म्हणाला) कसं असतं ते दाखवायचं म्हणून कपाट उघडलं, तर आमचंच जागेवर नाही. दोन्ही खण, गादीखाली, देवघर. ह्यांना विचारलं. हे अंगणात सायकल पुसत होते.

"माझ्याजवळ शे."

"कसाले?"

"झेरॉक्सले."

पुढे विचारायची हिंमत झाली नाही. स्वयंपाकघरात येऊन उगाच डाळ निवडली. निवडलेलीच होती.

शनि. २९

रनाळ्याहून पुतण्याचा फोन. "काकू, काका तलाठी भाऊसाहेबांकडे येऊन गेले. सातबारा घेतला. काही विकताय का?"

नाही म्हटलं.

जेवताना हे समोर. दोघंही मेथीबद्दल बोललो. थोडी कडू आहे, नाही का. हो, थोडी.

सोम. १ डिसें.

ऐपतदाखला मिळाला. ह्यांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, कीबोर्डवर, म्हणजे मला दिसलंच पाहिजे असं. हायस्कुलात तीस वर्षं हेडक्लार्क. प्रत्येक कागदाला कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घातलेला. वर यादी. यादीत शेवटी 'फोटो (पासपोर्ट) ४ प्रती'. फोटो काढायला कधी गेले कोण जाणे. नवा शर्ट घातलाय फोटोत.

मी म्हटलं, "रेशनकार्डावर शिक्का बसेल."

"बसू दे."

"त्याने तुमचा..."

"त्यानं जे कयं ते कयं. तू कितला दिवस त्या लिंबाखाले उभी ऱ्हाशी?"

आज काही लिहिलं नाही. ऑफिसचा फोन आला, सारंगखेड्याच्या यात्रेचा लेख गुरुवारी हवा. हो म्हटलं.

बुध. ३

कोर्ट. शब्द विसरायच्या आत लिहिते.

न्यायाधीश मॅडम तरुण. कागद चाळले. "जामीनदार, आरोपीला ओळखता?"

हे: "हो."

"कोण लागतो?"

"बायकोचा भाऊ."

"येणं-जाणं आहे?"

इथे हो म्हणायचं असतं. वकीलबाईंनी काल चार वेळा सांगितलं होतं. हे म्हणाले, "नाही. नऊ वर्षं आम्ही बोलत नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली.

"मग तारखेला त्याला हजर कसा ठेवणार?"

"माझ्या घरी ठेवीन. सोबत घेऊन येईन. त्याला बोलावं लागत नाही."

मागे कोणीतरी हसलं. मॅडम नाही हसल्या. "बोलत नाही, तर ओळखता कशावरून म्हणता?"

हे: "लहान होता तेव्हापासून बघतोय. रुसतो. पळत नाही, रुसतो. मग स्वतःच परत येतो. या खेपेला मीच आलो."

"आरोपी आला नाही तर रक्कम तुम्हाला भरावी लागेल. समजलंय?"

"वाचलंय, मॅडम. दोनदा. दुसऱ्या पानावर गावाचं नाव चुकलं होतं, दुरुस्त करून आणलंय."

मंजूर. रेशनकार्डावर शिक्का, जांभळा, थोडा तिरका. सुटकेचा कागद जेलला पोचेपर्यंत बंदी, म्हणजे संध्याकाळची कुलपं, झाली होती. उद्या सकाळी. या वेळी सुनंदाला तसंच सांगितलं. उद्या सकाळी, आणि मी फोन केल्याशिवाय चूल पेटवू नको.

गुरु. ४

साडेआठला बाहेर आला. बारीक झालाय. ह्यांच्या पाया पडायला वाकला, तर हे मागे सरकले. माझ्याकडे बघून, "त्याले सांग, गाडीमा बस."

मी सांगितलं. तो माझ्या समोर उभा, सगळं ऐकू येतंय. तरी मी सांगितलं.

घरी आल्यावर, "त्याले सांग, गरम पानी काढेल शे." "त्याले विचार, चहामा साखर कितली." दिलीपही तसाच. "आक्का, दाजीले सांग, एक चमचा." दोघांमध्ये मी दुभाषी.

दुपारी यात्रेचा लेख पाठवला. घोड्यांबद्दल नऊशे शब्द. चांगला झाला, का कोण जाणे.

सोम. ८

पहिली हजेरी. हे दहा पावलं पुढे, दिलीप मागे. ठाण्यात सही. परत येताना दिलीप दहा पावलं पुढे, हे मागे. गच्चीवरून पाहिलं.

रविवारी सुनंदा येऊन गेली. जामसिंगने निम्मा कापूस उरकला. दिलीप तिच्या हातांकडे बघत होता, बोंडांनी ओरखडलेल्या. तिने पदराखाली घेतले.

गुरु. ११

दिलीप आज स्वयंपाकघरात येऊन बसला. सुरतेहून कोणा मित्राचा फोन. साड्यांच्या गोदामात काम आहे, नाव-गाव कोणी विचारत नाही.

"आक्का, शिक्षा व्हयनी ते? मी आठेच बठी ऱ्हावू?"

मी म्हटलं, गेलास तर दाजींना नोटीस येईल. रनाळ्याची जमीन येईल त्यात. पण जमीन राहू दे. ते कोर्टात उभं राहून काय बोलले ते सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. "रुसतो, पळत नाही" हेही.

 मग लसूण सोलायला घेतला माझ्याबरोबर. जाणार नाही असं म्हणाला नाही.

सोम. १५

ह्यांना ताप, एकशे दोन. उठायला निघाले, मी नाही उठू दिलं. हजेरी आहे. दिलीप दारात उभा. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून मला सांगितलं, "त्याले सांग, एकला जा."

सव्वादहाला गेला. ठाणं चालत वीस मिनिटं.

साडेअकरा. नाही.

बारा वीस. फोन घरीच ठेवून गेलाय. त्याची पिशवी पाहिली. कपडे आहेत. पण कपड्यांचं काय.

एक. ह्यांनी तीनदा विचारलं, "वाजले किती?" दुसरं काही नाही विचारलं.

पावणेदोनला आला. घामाघूम. सही पावणेअकरालाच झाली होती. तिथून तो भगवानकडे गेला. भगवान ड्रेसिंगसाठी इथे मुलीकडे, सीमाकडे, राहतोय, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला; हा पायीच गेला. भेटायचं नाही ही अट, आणि हा सरळ दारात!

सीमाने दार उघडलं. "काका, तुमले आठे येवानं नही ना?" तो म्हणाला, "नही." आणि उभाच राहिला. आतून भगवानने विचारलं, कोण शे? ती कोणी नाही म्हणाली. मग पाणी आणून दिलं. पाणी पिऊन आत गेला. तासभर बसला. दोघं काय बोलले ते सांगत नाही.

मी ओरडलेच त्याच्यावर. एका तक्रारीवर जामीन जाईल. तू परत आत, आणि कोर्टात आम्ही दोघं खोटे. सीमाच्या सासरचे बघत होते का? जावई घरी होता? त्याला माहीत नाही. वकीलबाईंना लगेच सांगायला हवं. मी फोन हातात घेतला.

खाटेवरून आवाज आला. हे उठून बसले होते. गोधडी खांद्यावर. माझ्याकडे नाही, सरळ त्याच्याकडे बघत.

"पाय कसा शे त्याना?"

दिलीपने आधी मागे वळून पाहिलं, कोणाला विचारतात म्हणून. मग माझ्याकडे. मी काही सांगितलं नाही.

"सळई टाकेल शे, दाजी. चालता येवाले दोन महिना लागतीन."

"बैस."

तो जमिनीवर बसला. मी फोन धरून दारातच आहे. वकीलबाईंना सांगायचं की नाही, अजून ठरत नाही.