चोविसावं पोर्ट

प्रिय सुतळ्या,

दोन मुलांचा बाप झालास तरी ताई अजून याच नावाने हाक मारते म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. लहानपणी दिसेल ते सुतळीने बांधून ठेवायचास. बाबांच्या छत्र्या, आईचे डबे, एकदा तर मलाच खुर्चीला बांधून खेळायला निघून गेलास. तेव्हा पडलेलं नाव आता सुटायचं नाही. फोनवर तू ‘पंप चाललेत, पोरं बरी आहेत’ एवढ्यात उरकतोस आणि मीही मग हवापाण्याचं बोलून फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले आहे. चार वर्षांत तू कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्कच्या एकाही स्विचला हात लावला नाहीस, आणि त्याबद्दल आपण एक अक्षर बोललेलो नाही.

आमचं हॉस्पिटल नव्या इमारतीत चाललंय. गेला आठवडाभर मी जुनी सर्व्हर रूम उतरवते आहे. तीच ती खिडकी नसलेली खोली, तोच कुडकुडायला लावणारा एसी, आणि माझा तोच कोपर फाटलेला स्वेटर. परवा रॅकचं मागचं दार उघडलं आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. मागच्या बाजूला कोण बघतं? पण तू तिथेही एकेक केबल अशी वळवली आहेस की मधे हात घालायला बरोबर वीतभर जागा राहते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि ती केबल का टाकली याचं कारण. माझ्या हाताखालच्या दोघांनी मोबाइल काढून त्याचे फोटो घेतले.

स्विचांचं तू केलेलं ते कडंही तसंच होतं. पाच स्विच एकावर एक, मागून आखूड जाड केबलींनी जोडलेले, म्हणजे पाच मिळून एकच. एवढं कोणीही करतो. तू सगळ्यात खालच्याला पुन्हा सगळ्यात वरच्याशी जोडलंस, तेव्हा ही लांब केबल कशाला लोंबकळत ठेवायची म्हणून मी नाक मुरडलं होतं. गेल्या वर्षी ऐन दुपारी मधला स्विच गेला. त्याच्यावरचे वीसेक कॉम्प्युटर बंद पडले, पण वरचे दोन आणि खालचे दोन त्या लांब केबलवरून एकमेकांशी बोलत राहिले. अपघात विभागाला तर काही झाल्याचं कळलंही नाही. त्या दिवशी तुला फोन करायला हवा होता. केला नाही.

आता एक्स-रे विभागाचं. अंगणापलीकडच्या त्या बैठ्या इमारतीतला जुना स्विच काढून तू नवा बसवलास आणि केबल आमच्या वरच्या स्विचच्या चोविसाव्या पोर्टला लावलीस. दुसऱ्या दिवसापासून रड सुरू. साधा निरोप टिचकीसरशी जायचा, पण एका छातीची प्रतिमा वर पोचेपर्यंत डॉक्टरांचा चहा गार व्हायचा. सगळे म्हणाले बँडविड्थ कमी पडते, रस्ता अरुंद आहे. तू मोजून दाखवलंस की रस्ता नव्वद टक्के रिकामाच आहे. कोणी मनावर घेतलं नाही.

तू मला तीनदा विचारलंस, तुझ्या टोकाला सेटिंग काय आहे? मी तीनदा सांगितलं, ऑटो. वरच्या स्विचचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. बाहेरच्या माणसाला, म्हणजे तुझ्यासारख्या कंत्राटदाराला, द्यायचा नाही हा नियमही माझाच. तिसऱ्या वेळी आपण व्हरांड्यात होतो, शेजारी एक्स-रेचे डॉक्टर उभे होते, आणि त्यांच्यादेखत मी तुला म्हणाले की मला शिकवू नकोस. तू ‘बरं ताई’ म्हणालास आणि शिडी उचलून गेलास. तुझं काम काढून दुसऱ्याला दिलं. त्याने नवी केबल टाकून दुसऱ्या पोर्टला लावली आणि दुखणं एका दिवसात पळालं. सगळ्यांनी खापर तुझ्यावर फोडलं. माझीही मान हलली. तुझ्या हाताला यश नाही असं गावभर झालं आणि तू पाण्याचे पंप दुरुस्त करण्याकडे वळलास.

पुढचं तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. दोन्ही टोकं ऑटोवर असली की ती एकमेकांना विचारून ठरवतात, दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने. एक टोक हाताने फुल डुप्लेक्सवर, म्हणजे एकाच वेळी बोलण्यावर, बांधून टाकलं, तर ते विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. दुसरं बिचारं सावधपणे आळीपाळीचा नियम धरतं. मग पहिलं वाटेल तेव्हा बोलतं, दुसरं दर वेळी थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. छोटा निरोप निभावतो, मोठी प्रतिमा रखडते.

वरच्या स्विचमधली सेटिंग्ज पुसून टाकण्याआधी मी ती सगळी छापून घेतली. चोविसावं पोर्ट, वेग शंभर, फुल डुप्लेक्स, हाताने बांधलेलं. शेजारी माझी आद्याक्षरं आणि तारीख, तू यायच्या दोन वर्षं आधीची. आमच्या पिढीला शिकवणच तशी होती, ऑटोचा भरवसा नाही, दोन्ही टोकं हातानेच बांधा. जुन्या स्विचसाठी मी तशी बांधली आणि विसरून गेले. तुझ्यानंतरच्याने निवडलेलं पोर्ट ऑटोवरच होतं, म्हणून त्याचं दुखणं पळालं. तू विचारलंस तेव्हा मी पाहिलंच नाही, आठवणीतून उत्तर दिलं. पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. काल टेबलावर दोन स्विच मांडून तसंच जोडलं आणि एक प्रतिमा पाठवली. ती रांगत गेली. माझं टोक ऑटोवर टाकलं, तर बटणावरून बोट उचलेपर्यंत पोचली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तुझी सख्खी ताई.

माफ कर, हे तर लिहितेच आहे, पण तेवढ्यावर भागायचं नाही. आज सकाळी बैठकीत मी तो कागद सगळ्यांपुढे ठेवला, डॉक्टरांच्याही, आणि ही आद्याक्षरं माझी आहेत असं सांगितलं. लेखी पत्रही दिलं. त्याची प्रत सोबत आहे, तुझ्या बायकोला आणि पोरांना वाचून दाखव. नव्या इमारतीत आठ स्विचांचा तसाच एकावर एक स्टॅक बसायचा आहे आणि ते काम तू करावंस असं मी मागितलं आहे. त्यांनी होकार दिला. तुझा नकार आला तरी माझी तक्रार नाही. पण येणार असलास तर एक कर. आठही स्विचांवर तुझ्या नावाचं खातं उघडलं आहे. पहिल्यांदा आत शिरलास की पासवर्ड तुझा तू ठरव आणि मलाही सांगू नकोस. या वेळी माझ्या टोकाला काय आहे ते मला विचारू नकोस, तूच उघडून बघ.

तुझीच,
ताई