दुसरा डबा

प्रिय मार्लेनी,

रिचमंडला थंडी वॉशिंग्टनपेक्षा कमी असते असे रोझेटा आत्या म्हणते, म्हणून तू बरी असशील असे धरून चालतो. फोन केला नाही, कारण फोनवर माझे काय होते ते तुला माहीत आहे. अर्धे वाक्य बोलून झाले की ते बरोबर आहे का हे मी तपासत बसतो आणि तोवर समोरचा माणूस 'बरं, ठेवतो' म्हणतो. कागदावर खोडता येते. हा तिसरा कागद आहे. शाळा दहावीत सुटली तरी शब्द मी चुकू देत नाही, हे तू मान्य करशील. आपली ओळखच त्यावरून झाली. तुझ्या कॅन्टीनच्या फळ्यावर सूपचे नाव चुकीचे लिहिले होते, मी ते हळूच सांगितले, आणि तू खडू माझ्या हातात देऊन म्हणालीस, "घ्या मास्तर, तुम्हीच लिहा. सूप मात्र मीच करीन." तेव्हापासून मी मास्तर झालो.

आधी कामाची बातमी. सरकार उघडणार. बजेटवरून अडलेले कामकाज आणि थांबलेले पगार पुन्हा सुरू होणार. काल सह्या झाल्या आणि आज सकाळी हजेरीच्या वेळी पर्नेल साहेबांनी आम्हा पहारेकऱ्यांना सांगितले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब म्हणाले, "पगार यायला अजून काही दिवस लागतील, पण घरमालकाला आजच कळवून टाका, म्हणजे बिचाऱ्याचे जिने चढायचे तरी वाचतील." संग्रहालय शनिवारपासून लोकांना खुले होईल. तळघरातले कॅन्टीनही. तुमचा मॅनेजर आज दुपारी भेटला. तुझी जागा तो पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत ठेवणार आहे, त्यानंतर दुसरी बाई बघेल. तुझा नवा पत्ता त्याच्याकडे नाही. माझ्याकडे असेल असे त्याला का वाटले कोणास ठाऊक. मी कळवतो म्हणालो. तर हे कळवले.

एवढेच लिहून पाकीट बंद करावे असा विचार होता, पण कागद बराच उरला आहे.

इथे या सगळ्या दिवसांत काय चालले होते ते तुला सांगायचे राहिले. मी रोज गणवेश घालून वाद्यांच्या दालनात उभा राहिलो. निम्मे दिवे बंद, सरकता जिना बंद, माणूस एक नाही. काचेमागे ती सगळी व्हायोलिने आणि मी. पहिल्या आठवड्यात तर सवयीने तोंडातून 'काचेला हात लावू नका' निघून गेले आणि मीच दचकलो. फेरी मारताना कॅन्टीनमध्ये डोकावावे लागते. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या आहेत. दाराजवळच्या खुंटीवर तुझा निळा अ‍ॅप्रन अजून आहे, खिशात खडू आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

संग्रहालय बंद झाले त्या दिवशी तुम्ही कॅन्टीनवाले फ्रीज रिकामे करत होतात. माल फेकण्यापेक्षा वाटून टाका असे तूच मॅनेजरला सांगितलेस. आम्ही पहारेकरी रांगेत उभे आणि तू प्रत्येकाच्या हातात दही, सँडविच, सफरचंदे कोंबत होतीस. साहेबांना तू म्हणालीस की आज तुमच्याकडून पैसे घेत नाही, पण सवय लावून घेऊ नका. सगळे हसले. त्या दिवशी तुम्ही आम्हाला जेवू घातले, आणि संध्याकाळी मागच्या दाराने निघून गेलात ते पगाराशिवाय. आम्हीही पगाराशिवायच होतो. पण दोन्हींत फरक आहे हे मला नीट कळले नव्हते. तू सांगितल्यावर कळले. आधीच्या बंदमध्ये तू नवीन होतीस, तेव्हा तुझी भाड्याची खोली सुटली आणि त्या दिवसांचा पैसा कधीच आला नाही, कारण तुम्ही सरकारचे नाही, ठेकेदाराचे. बटाटे सोलता सोलता तू सहज म्हणून गेलीस, "तुमचा पगार झोपतो, मास्तर. आमचा मरतो."

माझी पगाराची चिठ्ठी आली तेव्हा मी ती शेवटपर्यंत वाचली. कुठेतरी काहीतरी असेल असे वाटले. सगळीकडे शून्य होते, अगदी व्यवस्थित छापलेले. आत्या म्हणाली की काहीच देणार नाही हे सांगायला एवढा कागद कशाला खर्च केला. मग रविवारची कोंबडी बंद झाली आणि राजमा-भात सुरू झाला. राजमा-भात मी आवडीने खातो असे तिला सांगत राहिलो. तिला ते खरे वाटले नाही.

नाताळात मी तुझ्या आईकडे येणार होतो. सूट इस्त्री करून आणला होता, दारामागे लावला होता. तुझ्या आईला, दोन्या एल्व्हिरांना, काय म्हणायचे तेही पाठ केले होते, स्पॅनिशमध्ये, तुझ्या भावाकडून उच्चार तपासून. तेवढ्यात हे सुरू झाले. मी तुला म्हणालो की पगार सुरू होऊ दे, मग येतो. हातात काही नसताना मुलीच्या आईसमोर कसे बसायचे? तू म्हणालीस, "आईने तुझ्याकडे पगाराची पावती मागितलेली नाही." दुसऱ्या आठवड्यात परत विचारलेस, मी परत तेच म्हणालो. तेव्हा तू बस थांब्यावर माझ्या मफलरचे टोक ओढून म्हणालीस, "सरकार बंद आहे, कळलं. पण तू कशाला बंद होऊन बसलायस?" मी हसलो. त्या बोलण्यावर हसायला नको होते.

आता ते लिहितो, ज्यासाठी तिसरा कागद लागला.

चर्चच्या तळघरातले ते स्वयंपाकघर तूच शोधून काढलेस. ओळखपत्र दाखवले की सरकारी माणसाला गरम जेवणाचा डबा. त्या दिवशी वारा इतका होता की रांगेतले लोक पाळीपाळीने एकमेकांच्या आडोशाला उभे राहत होते. तू चेष्टा करत होतीस, की मी जन्मभर लोकांच्या ताटात वाढले, आज कोणीतरी माझ्या ताटात वाढणार, मीठ कमी असले तर बोलून दाखवणार. आपल्या मागे पर्नेल साहेब होते. टेबलाशी त्या लोकरी टोपीवाल्या आजीबाई होत्या. त्यांनी माझे ओळखपत्र बघितले, मग तुझे. तुझ्या ओळखपत्रावर ठेकेदाराची हिरवी पट्टी होती. त्यांनी ते उलटे केले, परत सुलटे केले आणि फार ओशाळून म्हणाल्या की ठेकेदाराच्या माणसांसाठी नाही हो हे, देणगी देणाऱ्यांनी तसे ठरवून दिले आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघितले. त्यांना तुला डबा द्यायचाच होता, हे मला आज स्पष्ट दिसते. उत्तर त्यांनी जवळजवळ माझ्या तोंडात घातले. "तुमच्या घरचीच आहे ना ही? घरच्यांना चालतं."

आणि मी म्हणालो, "नाही. ओळखीची आहे. एकाच इमारतीत काम करतो आम्ही."

तीन वाक्ये. तिन्ही बरोबर. पाहिजे तितके तपासून बघ, एकातही चूक सापडणार नाही. भिंतीवर कागद लावला होता की चुकीची माहिती देऊ नये. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, कोणी नाव लिहून घेतले तर काय, हे डोक्यात आले. जिचा पगार मिळत नव्हता ती नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो, मार्लेनी. हे मी आत्याला सांगितले तेव्हा तिने माझे ताट उचलून आत नेले.

तू चिडली असतीस तर बरे झाले असते. तू आजीबाईंना हसून म्हणालीस, "खरं बोलतो हो हा. फार खरं बोलतो." आणि रांगेतून बाजूला झालीस. त्याहून वाईट म्हणजे मी माझा डबा घेतला. मागे लोक थांबले होते, मला कळेना काय करावे, आणि हात पुढे गेला. बाहेर येऊन तुला अर्धा देऊ लागलो. तू म्हणालीस, "नको. तुझ्या नावावर मिळालाय, तूच खा. कुणी विचारलं तर उगाच पंचाईत." आणि पुलाच्या बाजूने चालू लागलीस. मला वाटले बस थांब्यावर गाठू. डबा सांडेल म्हणून मी पळालो नाही.

नंतर तू जाण्याआधी आत्याला भेटून गेलीस, तिच्यासाठी केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाले ठेवून गेलीस, आणि रिचमंडच्या हॉटेलात मामेबहिणीने काम बघितले आहे असे सांगून तिथला पत्ता तिच्याकडे ठेवून गेलीस. मी ड्यूटीवर होतो. माझ्यासाठी काही निरोप नव्हता, आणि मी तो दोनदा विचारला. तमाले आत्याने मला वाढले नाहीत. शेजाऱ्यांना दिले.

पर्नेल साहेबांनी रांगेत सगळे ऐकले होते. पुष्कळ दिवसांनी ते एकदा दालनात येऊन व्हायोलिनांकडे बघत म्हणाले की मी माझ्या बायकोला लग्नाआधी सहा महिने चारचौघांत बायकोच म्हणत होतो. मी विचारले, तिला राग नाही आला? म्हणाले, "नाही. तिने तारीख विचारली." आणि फेरीवर गेले.

मला अजून वाटते की तू त्या दिवशी डब्यासाठी उभी नव्हतीस. डबा तुला कुठेही मिळाला असता, तू रस्त्यावरच्या दगडाचेही सूप करशील. तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि मी काय म्हणतो ते ऐकायला थांबली होतीस. पगार आला की मी येणार होतो, पगार आला की बोलणार होतो. आता तो येणार, सगळ्या दिवसांचा एकदम येणार. तुझा येणार नाही, आणि ज्यासाठी मी माझ्या पगाराची वाट बघत होतो तेही निघून गेले.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. मॅनेजरचा निरोप हे कारण नव्हे, ते तू पहिल्याच ओळीत ओळखले असशील.

आज कामावरून परत येताना मी चर्चच्या त्या तळघरात गेलो. पगार हाती येईपर्यंत ते आणखी थोडे दिवस जेवण देणार आहेत. टेबलाशी त्याच आजीबाई होत्या, तीच टोपी. त्यांनी मला ओळखले नाही. ओळखपत्र बघितले आणि विचारले, "घरी आणखी कोण?" मागे रांग होती. भिंतीवर तो कागद अजून होता. आत्याला ते अन्न चालत नाही, चर्चमधले आपण द्यायचे असते, घ्यायचे नसते असे ती म्हणते, म्हणून तिला मी धरलेच नव्हते. मी म्हणालो, "बायको." माझा आवाज जरा मोठा निघाला. त्यांनी काही पुरावा मागितला नाही. दुसरा डबा पुढे ओढला आणि विचारले, तिला काही चालत नाही असे आहे का? मी म्हणालो, बीट चालत नाही तिला, वासही नको असतो. त्यांनी बीट काढून वर गाजरे घातली. मी मोठे खोटे बोललो होतो, पण एवढे मात्र खरे होते.

तो डबा आता माझ्यासमोर टेबलावर आहे. आत्याने विचारले हा कोणाचा, मी सांगितले. तिने तो फ्रीजमध्ये ठेवायला जागा केली, आणि तो मी अजून उचललेला नाही. येत्या शनिवारी ड्यूटी संपल्यावर मी तुझ्या आईकडे जाणार आहे, सूट दारामागेच आहे. रविवारी सकाळच्या बसने रिचमंडला येईन. भाडे आत्या देते आहे, पगार झाला की परत करायचे आहे. तू दार उघडायलाच पाहिजे असे नाही. पण नकोच असेल तर तसे कळव. मग मी परत त्या तळघरात जाईन आणि आजीबाईंना सांगेन की माझी माहिती चुकीची होती, घरी कोणी नाही. मी ते सांगेन, मला तू ओळखतेस. फक्त ते सांगायला मला जायचे नाही.

कोणीही, कुठल्याही रांगेत विचारले तरी तुझाच,
क्विंटन