उलटं टेबल

३ नोव्हेंबर, सोमवार

मामाचं नाव यादीत नाही!

दोनदा वाचली. वरून खाली, खालून वर. टेबल फुटबॉलच्या राज्य स्पर्धेच्या वेळी पुण्यात एक फलक लागणार आहे. हा खेळ महाराष्ट्रात ज्यांनी आणला, वाढवला, गाजवला त्यांच्या नावांचा. मुंबईचे चार, पुण्याचे सहा, नाशिकचा एक. सोलापूरचं कोणी नाही. आणि सोलापूरची यादी पाठवणारा जिल्हा प्रतिनिधी कोण? गुरुशांत! ज्याला दांडा धरायला मामानं शिकवलं तो.

लगेच फोन केला. म्हणाला, "सिद्दी, तापू नको. उलट्या टेबलाचा प्रवर्तक म्हनून नाव घालू व्हय? लोक हसतील की."

हसतील त्यांचे दात दिसतील!

४ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्यात टॉवेलना शिलाई मारताना दोनदा सुई मोडली. सुपरवायझर म्हणे, लक्ष कुठाय? सांगितलं, पुण्यात.

लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल.

महादेवप्पामामा नात्यातला नव्हे, बाळीवेशीतल्या आमच्या गल्लीतला. मिलमध्ये जॉबर होता, बिघडलेला माग सुरू करून देणारा. १९९९ साली त्यानं पेपरात एक फोटो पाहिला. परदेशातले लोक टेबलावर फुटबॉल खेळतायत, लोखंडी दांड्यांना लाकडी खेळाडू अडकवलेत. दीड महिन्यात त्यानं तसलं टेबल घरी उभं केलं आणि गल्लीतल्या पोरांचा क्लब सुरू केला. दांडे भंगारातल्या मागाचे. खेळाडू मागात सूत इकडून तिकडं नेणाऱ्या फुटक्या धोट्यांतून कोरलेले, कारण धोट्याच्या लाकडाला मार सोसायची सवय असते, असं तो म्हणायचा. मुठींना टॉवेलच्या पट्ट्या. शिस्त अशी की हरेल त्यानं आठही दांडे पुसून तेल द्यायचं. दांडा नुसता गरगर फिरवला की पाठीत धपाटा. तेव्हा सोलापुरात कॅरमच्या पुढं कोणी गेलं नव्हतं!

आता उलटेपणाचं. खऱ्या टेबलात पुढच्या तिघांचा दांडा, गोल मारायचा, उजव्या हाताशी येतो. मामाच्या टेबलात तो डाव्या हाताशी. सात वर्षं आम्ही सगळे डाव्यानं गोल मारत राहिलो, कोणाला पत्ताच नाही. २००६ मध्ये गुरुशांत आणि आणखी दोघं पुण्याला स्पर्धेला गेले. खऱ्या टेबलापुढं उभे राहिले आणि हातच चालेनात. गुरुशांत अकरा मिनिटांत बाहेर. परत आले तेव्हा मामा उंबऱ्यात उभा होता. मान खाली. "पेपरात फोटू उलटा छापला हुता पोरांनो. माज्या ध्यानात आलं न्हाय. चूक माजी." दुसऱ्या दिवशी क्लब बंद.

माझं मात्र त्या चुकीनं भलंच केलं. माझ्या उजव्या हाताला आठव्या वर्षापासून अंगठा आणि एकच बोट. बाकीची आमच्या घरच्या मागानं खाल्ली. त्या दिवशी पट्टा उतरवून माग थांबवणारा मामाच. पुढच्या वर्षी त्याचं टेबल झालं. ते सरळ असतं तर मी लांबूनच बघत बसले असते. पेपरवाला चुकला आणि माझं नशीब उघडलं. सांगायला लाज कसली?

गेल्या संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेआधी आठ दिवस मामा गेला. कोणी दोन ओळी छापल्या नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

नाव नोंदवलं. महिला एकेरी. वय पस्तीस. बघायला आलेल्या तीन स्थळांनी आधी माझा हात बघितला आणि मग चहा टाकून उठले. आता पुण्यानंही बघावा!

९ नोव्हेंबर, रविवार

मामाच्या घरी गेले. मल्लव्वा, मामाची बायको, आम्हा सगळ्यांची अव्वा. टेबलावर तिनं शेंगा वाळत घातल्या होत्या. मी गोळा करायला लागले तशी म्हणाली, "आता कशाला काडतीस ते?" सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

सराव करायचा तर टेबल सरळ हवं. अर्धा तास डोकं खाजवलं. मग कळलं, अगदी सोपं आहे! आठही दांडे उपसायचे आणि पलीकडच्या बाजूनं घालायचे. झालं. पाना आणि तेलाची बुधली, बास. वीस मिनिटांचं काम!

अव्वा तेवढ्यात धावत आली. "नको लावू हात त्येला! त्यानं बसिवल्यात तसं ऱ्हाऊ दे." एवढी चिडलेली तिला कधी पाहिली नव्हती. मग स्वतःच खाली बसली. "होगली बिडु. जाऊ दे. तुजंच हाय ते. कर काय करायचं ते."

रात्री एकच डोक्यात. वीस मिनिटांचं काम होतं, मग मामानं २००६ मध्ये का केलं नाही? आख्खे माग खोलून जोडणारा माणूस! क्लब बंद केला, पण दांडे फिरवले नाहीत. हट्टी म्हातारा, दुसरं काय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जमत नाही. सरळ टेबलावर माझा उजवा म्हणजे नुसता चिमटा. मूठ निसटते. आज स्वतःचीच कीव आली, मग त्या कीवेचा राग आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!! नियमांचं पुस्तक मोबाईलवर आख्खं वाचलं, इंग्रजी अडलं तिथं कारखान्यातल्या ऑफिसातल्या मुलीला विचारत. कोणत्या दांड्याला कोणता हात, हे कुठंही लिहिलेलं नाही. कुठंही नाही!

म्हणजे मधल्या पाचांच्या दांड्यावरून डाव्यानं चेंडू पुढं द्यायचा. पुढच्या तिघांनी तो दाबून धरायचा, तेवढं उजव्या तळव्यानं होतं. मग डावा हात पलीकडं टाकायचा आणि हाणायचा! समोरच्याला डाव्याच्या फटक्याची सवयच नाही. आज अव्वाला गोलात उभी केली. सहाला सहा. "मी म्हातारी हाय ग," म्हणाली. पण हसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

गुरुशांत आला. दारातच उभा राहून खेळ बघत होता. मग म्हणाला, "पुन्यात जाऊन परत सोलापूरची शोभा करनार का?"

मी म्हटलं, अकरा मिनिटांत तू केलीस तेवढी नाही होणार.

बोलायला नको होतं. पण बोलले. तो ओरडला नाही, हेच वाईट. हळूच म्हणाला, "माजं काय चुकलं हुतं सिद्दी? एकोनीस वर्साचा हुतो. दोनी हात धड हुते. सरळ टेबल मिळालं असतं तर मी कुटं असतो!"

मी सांगितलं, चूक पेपरवाल्याची. मामाचा काय दोष? मेलेल्या माणसावर किती वर्षं राग धरशील?

जाताना दांड्यांना तेल देऊन गेला. सवय.

२२ नोव्हेंबर, शनिवार, पुणे

पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पोटात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भीती.

पोरीच पोरी, एकेकीची मनगटं काय सुरेख. मी हात ओढणीत लपवला होता. टेबलापाशी गेल्यावर ओढणी कमरेला बांधली. बघा काय बघायचं ते!

पहिल्याच सामन्यात समोरचीनं हरकत घेतली, या हात बदलतात. पंचांनी पुस्तक उघडलं, मी पान सांगितलं. पहिली फेरी जिंकले. दुसरी जिंकले. तिसरी!

उपांत्य फेरीत संस्कृती, गेल्या वर्षीची विजेती, बावीस वर्षांची. पहिला गेम तिचा. दुसरा माझा! तिसऱ्यात चार-चार झाले. शेवटचा चेंडू माझ्या तिघांपाशी होता. डावा टाकला, हाणला, खांबाला लागून परत आला. तिनं सोडला नाही. हरले.

ती टेबलाला वळसा घालून आली. "ताई, तो डावा फटका तुम्हाला कोणी शिकवला?"

महादेवप्पा, सोलापूर. एवढं मोठ्यानं सांगितलं की हॉलमधल्या टाळ्या थांबल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

बक्षिसाच्या वेळी संस्कृतीनंच माईकवर विचारलं, फलकावर ते नाव का नाही? समितीचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग मागून, जिल्हा प्रतिनिधींच्या रांगेतून, गुरुशांत उठला. मला वाटलं, झालं आता. तर म्हणाला, "टेबल उलटं हुतं, खरं हाय. पन सोलापुरात पयलं हुतं. नाव राहिलं, चूक माजी."

चूक माजी! मामाचेच शब्द. मला हुंदका आवरला नाही.

फलकाची शेवटची ओळ रिकामी ठेवलीय. १९९९चा काही पुरावा आणा, नाव कोरतो, म्हणाले. मामानं ते कात्रण ट्रंकेत जपलंय, मला माहीत आहे. एका दगडात दोन पक्षी! नावही लागेल आणि उलटा फोटो सगळ्यांना दिसेल. पुन्हा कोणी मामाची चूक म्हणून दाखवावं!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अव्वानं कात्रण काढून दिलं. तारीख स्पष्ट आहे.

फोटो सरळ आहे.

बनियनवरचे आकडे सरळ वाचता येतात. तिघांचा दांडा त्या माणसाच्या उजव्याच हातात आहे.

अव्वा शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या हाताला यावं म्हनून फिरवलं की त्यानं. पुडं पोरं हरून आली. तुला बोल लागू नये म्हनून अंगावर घेतलं."

आठही दांडे काढले आणि होते तसे परत बसवले. गुरुशांतला फोन केला. ये म्हटलं, कात्रण पुण्याला पाठवायच्या आधी तुला दाखवायचंय.