नऊशे चाळीसची टोळी

तीर्थरूप ताईस,

बोक्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायला सोपा आहे. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा डावा गुडघा कसा आहे? दुखरा उजवा असेल तर ही चौकशी त्याची समजावी; चौदा महिने आपण बोललो नाही, त्यामुळे कोणता ते विसरलो. मी बरा आहे. दुकानातली घड्याळं चालू आहेत, गिऱ्हाईक तेवढं बंद आहे. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार, पण शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढ. शाळेतून निवृत्त झालीस तरी तुझं लाल पेन काही निवृत्त झालेलं नाही, हे मला माहीत आहे. आधी शेवटपर्यंत वाच, कारण बँकेने आपल्या तिघांना पकडलं आहे.

झालं असं, की या महिन्याच्या एक तारखेला पाळी माझी होती. नेहमीप्रमाणे दादाला नऊशे चाळीस पाठवायला गेलो, तर पैसे हलेचनात. दोन दिवस मोबाइलशी भांडलो आणि शेवटी बँकेत गेलो. तिथल्या मॅनेजरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. (खुर्ची इतकी खोल, की माणूस बसल्याबसल्याच गुन्हेगार दिसतो.) त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर तीन गोल होते, मी, दादा आणि तू, आणि त्यांना जोडणारे बाण. अकरा वर्षं तीच रक्कम माझ्याकडून दादाकडे, दादाकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून माझ्याकडे. कुणी एक पैसा खर्च करत नाही, कुणी काही विकत घेत नाही. अशी एकमेकांत गुंतलेली खाती दिसली की कॉम्प्युटर बोंब ठोकतो म्हणे. बाईंनी मला समजावून सांगितलं, अगदी शाळेत शिकवतात तसं. काळा पैसा धुणारे लोक असंच करतात. एकाने आणायचा, दुसऱ्याने पुढे सरकवायचा, आणि मूळ कुठलं हे कुणालाच कळेनासं झालं की तिसऱ्याने साळसूदपणे बाहेर काढायचा.

खरं सांगू? मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. अगं, हा तर आपला बिस्किटांचा डबा. दादा उंच, म्हणून फळीवरून काढणार तो. मी शर्टात लपवून पुढच्या खोलीत नेणार. आणि वर्गाची मॉनिटर असल्यामुळे जिच्यावर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं, ती तू दप्तरात ठेवणार. मग आईने विचारलंच तर दादा आणि मी छातीठोकपणे सांगायचं, माझ्याकडे नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे आलं कुठून, याचं मला अजून नवल वाटतं. आई शिलाई मशीनवर बसलेली असायची. पण ती काही विचारायची नाही, फक्त पाय थांबवायची. मशीनचा आवाज थांबला की आपल्या तिघांचा श्वास थांबायचा. मग जिभा बाहेर काढून दाखवायच्या, आणि खटला तिथेच निकालात. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला अकरा वर्षं लागली, आईला अर्धं मिनिट पुरायचं. शेवटी डब्यात एक बिस्किट उरायचं आणि आपण तिघं एकमेकांना म्हणायचो, तू ठेव. आपल्या घरात 'तू ठेव'चा अर्थ काय होता, हे बाहेरच्यांना कसं कळणार? मला ते फार हवं आहे, अजून दोनदा विचार, असा तो अर्थ.

मी बाईंना सगळं सांगितलं. आई गेल्यावर मशीनच्या खणात बटणांच्या डबीत नऊशे चाळीस सापडले, ते तिघांपैकी कुणी घेईना, तू ठेव, तू ठेव म्हणत ते फिरत राहिले, एवढीच आमची काळी कमाई. बाईंना व्यवहारासोबतच्या 'तू ठेव' या शेऱ्याचा उलगडा होत नव्हता. त्यांना वाटलं ही ठेव म्हणजे मुदत ठेव, आणि तीन खात्यांत सापडत नाही म्हणजे नक्की परदेशात. बँकेत लिहिलेल्या शब्दाचा अर्थ लिहिलाय तोच धरतात, असं त्या म्हणाल्या. त्यातून त्यांनी आधी दादाला फोन केला होता. त्याला ऐकू येत नाही, पण कुणी फोन केला याचाच त्याला आनंद. त्याने सांगून टाकलं, की यामागे सगळं डोकं आमच्या ताईचं, ती लहानपणापासून अशीच आहे.

मग बाईंनी एका बाणावर बोट ठेवलं. तुझ्याकडून माझ्याकडे येणारा बाण. अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही, पण गेल्या पाच वेळा शेऱ्याची जागा कोरी होती. टोळीत फूट पडली का, असं त्यांनी विचारलं. थट्टेतच विचारलं असेल. पण ताई, त्रेसष्ट वर्षांचा मी घोडा, त्या काचेच्या खोलीत रडलो, आणि बाहेरची रांग खुशाल बघत होती. शेवटी वॉचमनने पाणी आणून दिलं.

चौदा महिन्यांपूर्वी आईचं घर रिकामं करताना तू फोनवर म्हणालीस, मशीन तू ठेव. आणि मी, त्याच घरात वाढलेला मी, ते जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं. दुकानात जागा नव्हती हे तेव्हा सांगितलेलं कारण आता लिहितानासुद्धा लाज वाटते. तुला अजून दोनदा विचारायचं होतं. मी एकदाही विचारलं नाही. तू बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस. पण पाळी आली की तुझे नऊशे चाळीस येत राहिले, मुके का होईना. ते आले की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

तर आता बँकेचं म्हणणं असं, की आपण तिघांनी समोरासमोर बसून, आम्ही सख्खी भावंडं आहोत, असं लिहून सही करायची. तोवर पैसे अडकलेले. गुरुवारी अकरा वाजता ये. दादाला मी घेऊन येतो, त्याला ओरडून सांगून झालं आहे.

तुझा,
बोका

ता. क. सहीचं मी रचलं. बाईंनी त्याच दुपारी हसत हसत सगळं मोकळं केलं होतं. पैसे पुढे पाठवले नाहीत ते मीच. गुरुवारी बँकेत नको, दुकानात ये.

आणखी एक. बाईंच्या पद्धतीने मीही बाण काढत मशीनच्या मागावर गेलो. सामानवाल्याने दिलं एका शिंप्याला, शिंप्याने त्याच्या मेहुणीला. तिचे पाय धरले, अर्थात पैसेही पुढे धरले. मशीन आता माझ्या खिडकीपाशी आहे, खण अजून तसाच अडकतो. ताई, मशीन तू ठेव. हे आपल्या घरातल्या अर्थाने घेऊ नकोस, बँकेतल्या अर्थाने घे.