वखारवाल्याच्या घरातली काळी केळी

मी, सौ. रत्नव्वा चन्नाप्पा हुक्केरी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मोडलं होतं ते मनगट, डोकं नव्हे. हात अजून नीट चालत नाही, म्हणून मी सांगते आणि वकीलसाहेब लिहून घेतात. काही वाक्यं गाळूया असं ते दोनदा म्हणाले. एकही गाळू नये.

यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात राहतं घर सरळ मुलाला दिलं होतं. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर घेऊन दिलेलं, तेव्हा अधिकार माझा. मुलगा शिवप्रसाद पुण्याला असतो. माझ्या मागे घर विकायचं आणि वडिलांना पुण्याला बाराव्या मजल्यावर न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलंय. माझे पती चन्नाप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, रोज सकाळी चालत आपल्या केळीच्या वखारीत जातात, हमालांवर ओरडतात आणि जेवायला घरी येतात. बाराव्या मजल्यावर ते ओरडणार कुणावर? माझ्यानंतर त्यांनी या घरात राहायचं की नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. ओव्हन आणि ब्रेडचे बारा साचे सूनबाई दानेश्वरी हिला द्यावेत. सव्वीस वर्षं मी दर दिवाळीला अक्रोड घातलेला केळ्याचा ब्रेड करून चाळीस घरी भेट पाठवते, तो याच साच्यांतला. सूनबाईला तो 'हेल्दी' करायचा आहे: गव्हाचं पीठ, गूळ आणि टेबलावर शोभतील अशी पिवळीधमक केळी. खुशाल करावा. फक्त त्याला माझं नाव देऊ नये. केळं काळंकुट्ट लागतं, हात लावला की साल फाटावी असं. अंड्याऐवजी दही. पीठ घातल्यावर फेटायचं नाही, कालवायचं आणि हात आवरायचा. तयार ब्रेड कोमट असताना गुंडाळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कापायचा, म्हणजे ओलसर राहतो. एवढं सांगूनही ती पिवळीच केळी घेणार, हे मला माहीत आहे.

कलम २. माझी मोरपंखी इरकल कुरुंदवाडच्या नणंदेला, म्हणजे आक्कांना, द्यायची होती. ती आता द्यायची नाही. कारण लिहिते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी अंगणात घसरले आणि मनगट मोडलं. शिवप्रसाद म्हणाला, "आई, कशाला ताप? बेकरीतनं आणू की. कुणाला कळतंय?" त्याने चाळीस ब्रेड विकत आणले आणि मी आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या, 'रत्नव्वाच्या हातचा', त्यावर चिकटवून वाटले. मला वाटलं, आता फोन येतील, लोक विचारतील की यंदा काय झालं. फोन आले. "काकू, दरवर्षीसारखाच झक्कास!" एकोणचाळीस घरांतून हेच. यांच्या जिभा आहेत की पायपुसणी, कोण जाणे.

चाळिसावा फोन आक्कांचा.

"रत्नव्वा, यंदा काय घातलंस गं त्यात? म्हस तोंडच लावंना झालीया."

"म्हैस?"

"व्हय की. दरसाल तिलाच घालतोय. केकात अंडं असतंय, आमच्यात कोन खातंय?"

अंडं नाही हे मी त्यांना सव्वीस वेळा सांगितलंय. तर साडी शिवप्रसादने कुणालाही द्यावी. म्हशीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. चाळीस घरांत माझा हात तिने एकटीने ओळखला, असं मला त्या दिवशी वाटलं.

कलम ३. बँकेतल्या ठेवी शिवप्रसाद आणि दानेश्वरी यांना समान. त्या चिठ्ठ्यांबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, पण पोटचा पोर आहे.

कलम ४. घर. इथे नीट लिहून घ्यावं.

आधी ते मी पतींना का दिलं नव्हतं? तर रागाने. केळीच्या धंद्यात काळं केळं म्हणजे लाज. ते गिऱ्हाईक यायच्या आत म्हशींना जायचं, वखारवाल्याच्या घरात तर दिसायलाही नको. मी त्या काळ्या केळ्यांची टोपली घरी आणायला लागले. पहिल्याच दिवाळीला बाजारातला एक व्यापारी ब्रेड खाऊन यांना म्हणाला, "चन्नाप्पा, यंदा माल लई सडला वाटतं?" हे घरी आले, पाहुण्यांसमोर बशी सरकवली आणि म्हणाले, "ह्यात माझ्या वखारीची लाज हाय. मी खानार न्हाय." त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला मी बशी ठेवायची आणि तशीच उचलायची. सव्वीस वर्षं. गावाने नावं ठेवली असती तर चाललं असतं. ह्यांनी चव न घेता ठेवली, ते मला फार लागलं.

गेल्या पाडव्याला मी हात गळ्यात बांधून बसले होते. हे बेकरीच्या ब्रेडचा तुकडा घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो तुझा न्हाय."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी खाल्लाय?"

"पीठ लई फेटलंय, भोकं पडल्यात. आनि केळं कच्चं हाय. तू असलं घेत न्हाईस."

मी खोदून खोदून विचारलं. मग सगळं बाहेर आलं. हमालांसाठी मी दरवर्षी दोन ब्रेड वखारीत पाठवते. त्यातला एक ब्रेड गुंडू हमाल यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. हे केळीच्या घडांमागे बसून तो सबंध खायचे.

"मग घरात का नाही खाल्ला?"

"एकदा सगळ्यांम्होरं न्हाई म्हनलं न्हवं? मग कसं खायाचं?"

असला हटवादी, बिनडोक माणूस उभ्या जिल्ह्यात दुसरा नसेल. त्या रात्री मी भांडलेही नाही, एवढा राग आला होता. आणि आनंदही झाला होता, तोही लिहावा.

सबब, माझ्या पश्चात हे घर चन्नाप्पांच्या हयातीपर्यंत त्यांच्या ताब्यात राहील. शिवप्रसादने ते विकू नये, भाड्याने देऊ नये, वडिलांना प्रेमाने किंवा जबरदस्तीने पुण्याला नेऊ नये. त्यांच्यानंतर घर त्याचं. मग विकावं नाहीतर उन्हात वाळत घालावं. हे कलम माझ्या जिवंतपणी त्यांना कुणी वाचून दाखवू नये. लगेच शेफारतील.

कलम ५. वकीलसाहेब म्हणतात, पती माझ्या आधी वारले तर काय, हेही लिहावं लागतं. मी म्हटलं, ते लिहू नका. ते म्हणाले, लिहावंच लागतं. तर लिहा. तसं झाल्यास घर शिवप्रसादने लगेच, माझ्या डोळ्यांदेखत विकावं. मी सही करीन. आणि मला बाराव्या मजल्यावर न्यावं. माझी काही हरकत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. खाली सही माझीच, वाकडी आली तरी.

(सही) रत्नव्वा चन्नाप्पा हुक्केरी

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. (सही) डॉ. ऋतुराज गणपतराव भोसले, कोल्हापूर
२. (सही) कृष्णात सयाजी चौगले, शेजारी, शाहूपुरी

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ जानेवारी २०२६